कोरीगड

कोरीगड (किंवा कोराईगड) हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात असलेला गिरिदुर्ग आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ९२९ मीटर आहे. चढण थोड्या वेळाची आणि माथ्यावरून दिसणारा परिसर विस्तीर्ण असल्यामुळे नवख्या गिर्यारोहकांमध्ये हा गड लोकप्रिय आहे. गडाचे नाव तेथील कोराई देवीवरून पडले असे मानले जाते.

स्थान

मुळशी तालुक्याची पूर्व बाजू लवळे, पिरंगुट या गावांच्या टेकड्यांपाशी पुणे शहराला भिडते, तर पश्चिम बाजू सह्याद्रीच्या मुख्य धारेपर्यंत जाते. कोरीगड या पश्चिम टोकाला, पूर्वीच्या कोरबारसे मावळात आहे. पश्चिमेकडून येणारे मोसमी वारे प्रथम या धारेला अडत असल्याने तालुक्याच्या पश्चिम भागात पूर्वेपेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो. परिसरातील अन्य डोंगरांप्रमाणे हा डोंगरही दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे.

पायवाट

लोणावळ्याहून आंबवण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोणावळ्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर पेठ शहापूर हे पायथ्याचे गाव आहे. तेथून पायवाट झाडीतून पायऱ्यांपर्यंत जाते. वाटेत खडकात कोरलेली गुहा, पाण्याचे टाके आणि गणेशाचे स्थान लागते. साधारण पाऊण ते एक तासात गणेश दरवाजातून गडावर प्रवेश होतो. आंबवण्याच्या बाजूने जाणारी दुसरी वाट तुलनेने अवघड आहे.

गडमाथा

माथा बराचसा सपाट असून त्याभोवती सुमारे दीड ते दोन किलोमीटर लांबीची तटबंदी आहे. ती बऱ्याच अंशी शाबूत असल्याने तटाच्या कडेने फिरत गडाची प्रदक्षिणा करता येते. माथ्यावर दोन तळी, कोराई देवीचे मंदिर आणि काही तोफा आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी तोफ लक्ष्मी या नावाने ओळखली जाते.

इतिहास

१६५७ साली लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना या किल्ल्यांबरोबर कोरीगड स्वराज्यात आला. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी ही जागा मोक्याची होती. आज पर्यटक ज्या दृश्यासाठी गड चढतात, तेच दृश्य गडाच्या उभारणीमागील एक प्रमुख कारण होते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या सैन्याने गडावर तोफांचा मारा केला. तोफगोळ्याने दारूकोठाराचा स्फोट झाला आणि त्यानंतर गड इंग्रजांच्या ताब्यात गेला.

माथ्यावरून दिसणारा परिसर

हवा स्वच्छ असल्यास उत्तरेला नागफणी, ईशान्येला तुंग, पूर्वेला तिकोना आणि नैर्ऋत्येला तैलबैल्याच्या जुळ्या भिंती दिसतात. पायथ्याशी अँबी व्हॅली ही अलीकडच्या काळातील नियोजित वसाहत आहे.

दक्षिणेकडे मुळशीचा जलाशय दिसतो. हे नैसर्गिक सरोवर नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधले. हे पाणी बोगद्यांवाटे घाटाखालील भिरा येथील वीजकेंद्राकडे नेले जाते. धरणाखाली मावळातील अनेक गावे आणि भातखाचरे जाणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि या लढ्यातूनच ते ‘सेनापती बापट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण थांबले नाही. परंतु धरणग्रस्तांच्या भारतातील अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशी सत्याग्रहाची गणना होते. गडावरून शांत दिसणाऱ्या या पाण्याखाली त्या गावांची शेते आहेत.

घ्यावयाची काळजी

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, तटावर जोराचा वारा असतो आणि धुक्यामुळे कडा दिसत नाही. त्यामुळे तटाच्या कठड्यावर उभे राहणे धोक्याचे ठरते. उन्हाळ्यात माथ्यावर सावली कमी असते, म्हणून पिण्याचे पाणी सोबत न्यावे. पावसाळा ओसरल्यानंतरचे महिने चढाईस सर्वांत सोयीचे असतात. तोफांवर चढणे, दगडांवर नावे कोरणे आणि तळ्यांत कचरा टाकणे यांमुळे गडाची हानी होते.