वहीवरून संगणकावर जाताना

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानदाराच्या गल्ल्याजवळही संगणक दिसू लागला. परंतु पुष्कळ ठिकाणी तो नुसती बिले छापतो. उधारी वहीत, साठा मालकाच्या डोक्यात आणि खरेदीची बिले तारेला टोचलेली! हा अर्धवट कारभार सोडून हिशेबाचे सॉफ्टवेअर नीट कसे सुरू करावे, ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी येथे सांगत आहोत.

आधी गरज ठरवा : टॅली, बिझी, मार्ग अशी अनेक सॉफ्टवेअर बाजारात आहेत. विक्रेता गुण दाखवील. आपण आपली अडचण सांगावी. औषधवाल्याला मुदत संपत आलेला माल कळायला हवा. चपलांच्या कारखानदाराला कोणत्या कारागिराकडे किती चामडे गेले आणि किती जोड तयार होऊन आले, हे हवे. आपलीच मागील आठवड्याची बिले घालून पाहावीत. टॅली परवान्याशिवाय शिकाऊ प्रकारात चालते. त्यात महिन्याच्या १, २ व ३१ तारखांच्याच नोंदी होतात, पण हात बसण्यास तेवढे पुरे.

याद्या तयार करा : बहुतेकांचे येथेच अडते. 'पाऊण इंची नळ' आणि 'नळ पाऊण इंच' अशी दोन नावे पडली की साठाही दोन ठिकाणी विभागतो. एका मालास एकच नाव व एकच माप असावे. सारख्या नावाच्या ग्राहकांपुढे गाव किंवा मोहल्ला लिहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले आहेत. जुन्या बिलावरून दर उतरवू नये, करसल्लागाराकडून तपासून घ्यावा.

सुरुवातीचा दिवस : १ एप्रिल उत्तम, न जमल्यास कोणत्याही महिन्याची १ तारीख. आदल्या रात्री माल व गल्ला मोजावा, बँकेची शिल्लक घ्यावी. उधारीची बाकी प्रत्येक ग्राहकाला दाखवून कबूल करून घ्यावी. वहीतील चूक यंत्रात गेली की तीच खरी वाटू लागते आणि जुना ग्राहक तुटतो.

महिनाभर दोन्ही : पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. रोज संध्याकाळी दोन्हींची रोकड जुळवावी. महिनाभर जुळली, की वही निश्चयाने बंद करावी.

खरा फायदा : १ जानेवारी २०२२ पासून, विकणाऱ्याने आपले बिल विवरणात भरले असेल तरच खरेदीवरील कराची वजावट मिळते. ती बिले जीएसटीआर-२बी मध्ये दिसतात. दरमहा ती आपल्या खरेदीशी ताडून पाहावीत. जे बिल दिसत नाही, त्यासाठी त्या व्यापाऱ्यास लगेच कळवावे. उशीर झाला तर पैसा आपलाच अडकतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांना मात्र ही वजावट नाही.

किल्ली आपल्याकडे : मुख्य पासवर्ड मालकाकडे असावा आणि काम निदान दोघांना यावे; नाहीतर नोंदी करणारा मुलगा नोकरी सोडून गेला की दुकानच अडते. रोजच्या हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवावी. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. संगणक बिघडला, ही सबब तेथे चालत नाही.

यंत्र बेरीज चुकत नाही. पण माल आला त्याच दिवशी नोंद करण्याची शिस्त माणसालाच लावून घ्यावी लागते.