कुलाबा, सांताक्रूझ आणि क्रिकेट

मुंबईच्या हवामानाच्या बातमीत कुलाबा आणि सांताक्रूझ ही नावं जोडीनं येतात. क्रिकेटच्या बातमीत मात्र वर्षानुवर्षं कुलाब्याच्या बाजूचीच चलती. १९३३ साली भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली, १९३७मध्ये ब्रेबॉर्न उभं राहिलं, १९७५च्या जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी. तिन्ही मैदानं चर्चगेटहून चालत गाठावीत अशी. १९५८-५९पासून सलग १५ वेळा रणजी जिंकणारा मुंबईचा संघ घडला तोही याच पट्ट्यात, फार तर दादरपर्यंत.

उपनगरातल्या पोरांच्या वाट्याला आली ती लोकल. किटबॅग दारात अडकवून शिव्या खायच्या आणि आझाद मैदान गाठायचं. तिथं सामन्याला सामना खेटलेला. आपला डीप मिडविकेट शेजाऱ्यांच्या स्लिपमध्ये उभा. १९४८मध्ये सुरू झालेली कांगा लीग तर भर पावसाळ्यातली. उघड्या, ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू छातीवर येतो, दुसरा बुटाखालून सरपटत जातो आणि चांगला ड्राइव्ह गवतातच रुतून बसतो. मुंबईची खडूस फलंदाजी या चिखलात मुरली, कोचिंगच्या पुस्तकात नव्हे.

सांताक्रूझची स्वतःची शिदोरी मोठी नाही. पश्चिमेला विलिंग्डन कॅथलिक जिमखाना, पलीकडे खार जिमखाना. पूर्वेला कलिन्यात विद्यापीठाचं आवार. बँका आणि विमान कंपन्या टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या स्पर्धेसाठी खेळाडूंना नोकऱ्या देत, तेव्हा मध्यमवर्गीय घरात क्रिकेटला मान होता. त्या नोकऱ्या आटल्या.

चित्र बदललं ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या (एमसीए) मैदानामुळे. सांताक्रूझहून रिक्षानं जाता येईल अशा या मैदानावर फेब्रुवारी २०२४मध्ये बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईचे नऊ गडी ३३७वर गेले होते. पुढे दहाव्या क्रमांकावरच्या तनुष कोटियनने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरच्या, कल्याणच्या तुषार देशपांडेने १२३ धावा ठोकल्या. भागीदारी २३२ची! अशी जोडशतकं प्रथम श्रेणीत त्याआधी एकदाच झाली होती, १९४६मध्ये चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची, लंडनच्या ओव्हलवर. पुढच्याच महिन्यात मुंबईनं ४२वी रणजी जिंकली. जानेवारी २०२५मध्ये याच मैदानावर रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल असतानाही जम्मू-काश्मीरनं मुंबईला पाच गडी राखून हरवलं. बरंच झालं म्हणायचं. घरच्या मैदानाचा माज उतरायला असा एखादा पराभव लागतो.

पण एमसीएचं मैदान निवडलेल्यांसाठी. वाकोल्याच्या गल्लीतल्या मुलाला रोज बॅट घेऊन उतरता येईल, कुणी फी मागणार नाही, अशी मोकळी जागा हवी. सांताक्रूझ एच पूर्व आणि एच पश्चिम या दोन वॉर्डांत येतं. आपल्या वॉर्डात खेळाच्या मैदानासाठी राखलेला भूखंड कुठं आहे आणि आज त्यावर काय उभं आहे, याची चौकशी वाचकांनी जरूर करावी.