फक्त स्पर्शाने एचआयव्ही होतो का?

साखरपुडा झाला आहे, लग्नाला अजून चार महिने आहेत. एखाद्या संध्याकाळी दोघे एकमेकांच्या जवळ येतात. मिठी, चुंबन, कपड्यांवरून किंवा हाताने केलेला स्पर्श, यापलीकडे काही घडत नाही. पण घरी आल्यावर मनात भीती घर करते, 'मला एचआयव्ही तर झाला नसेल ना?' मग रात्रभर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. सकाळपर्यंत घसा दुखतोय असे वाटू लागते, अंग गरम लागते, भूक मरते.

अशी भीती अनेक तरुण-तरुणींना वाटते. विषय नाजूक असल्याने आईवडिलांशी बोलता येत नाही आणि मित्रांना सांगायची लाज वाटते. म्हणूनच खरी माहिती समजून घेणे गरजेचे आहे.

एचआयव्ही नेमका पसरतो कसा?

एचआयव्ही रक्त, वीर्य, वीर्यापूर्वी येणारा स्राव, योनीस्राव, गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. पण नुसता स्राव असून भागत नाही. समोरच्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण झालेली असावी लागते आणि तो स्राव तुमच्या रक्तात किंवा योनी, गुदद्वार, शिश्नाचे टोक, तोंड अशा ठिकाणच्या नाजूक, ओलसर त्वचेपर्यंत पोहोचावा लागतो.

अखंड त्वचा ही शरीराची भिंत आहे. ती ओलांडून विषाणू आत जाऊ शकत नाही. शिवाय शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही. लाळ, घाम आणि अश्रू यांतूनही तो पसरत नाही.

कशात धोका नाही?

मिठी मारणे, हात धरणे, अंगाला अंग लागणे, कपडे घातलेले असताना एकमेकांवर अंग घासणे, हाताने गुप्तांगाला स्पर्श करणे, यातून एचआयव्ही होत नाही. हाताच्या धड त्वचेवर वीर्य किंवा योनीस्राव लागला तरी घाबरू नका, साबणाने हात धुवा. साध्या चुंबनानेही काही होत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असेल आणि चुंबन खोल असेल, तेव्हाच अत्यंत दुर्मिळ शक्यता उरते.

मुखमैथुनात धोका खूपच कमी असतो, पण शून्य नसतो. कपड्यांशिवाय गुप्तांगावर गुप्तांग घासले गेले असेल आणि स्राव योनीच्या किंवा गुदद्वाराच्या तोंडाशी गेला असेल, किंवा रक्त येणाऱ्या ताज्या जखमेला लागला असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. योनीच्या तोंडाशी वीर्य गेले असल्यास गर्भधारणेची थोडी शक्यता असते, त्यामुळे तेही डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जननेंद्रियांचा हर्पीस, सिफिलिस, एचपीव्ही यांसारखे काही लैंगिक आजार त्वचेच्या संपर्कातूनही पसरतात. गुप्तांगावर फोड, जखम किंवा चामखीळ दिसली तर ती लपवू नका.

७२ तासांचे महत्त्व

खरोखर धोक्याचा संपर्क झाला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. गरज असल्यास ते संसर्ग रोखणारी पीईपी नावाची औषधे देतात. ती २८ दिवस घ्यावी लागतात आणि जितकी लवकर सुरू कराल तितकी चांगली. पण नुसत्या स्पर्शासाठी ती लागत नाहीत, म्हणून मेडिकलमधून मनाने गोळ्या आणून घेऊ नका.

चाचणी केव्हा करावी?

बरेच जण दुसऱ्याच दिवशी चाचणी करतात. तिचा उपयोग नसतो, कारण शरीरात संसर्गाच्या खुणा दिसायला वेळ लागतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी संपर्कानंतर ४५ दिवसांनी विश्वासार्ह ठरते. फक्त अँटिबॉडी तपासणाऱ्या चाचणीसाठी ९० दिवस थांबावे लागते. त्या मुदतीनंतरचा अहवाल निगेटिव्ह आला आणि मध्ये नवा धोका घडला नसेल, तर विषय संपला.

लक्षणांवरून अंदाज बांधू नका. ताप, घसादुखी, थकवा हे साध्या सर्दी-तापातही होते आणि जागरण व काळजीनेही जाणवते.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत ही चाचणी मोफत होते. आधी आणि नंतर समुपदेशक तुमच्याशी बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. घराबाहेर पडायची भीती वाटत असेल तर १०९७ या टोल-फ्री हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या.

भीती कशाची, विषाणूची की अपराधाची?

अनेकदा खरा त्रास अपराधी भावनेचा असतो. 'लग्नाआधी असे वागलो, आता शिक्षा मिळणार', असे मन सांगत राहते. पण विषाणूला पाप-पुण्य कळत नाही. तो फक्त ठरावीक मार्गांनीच शरीरात शिरतो. म्हणून स्वतःला 'मी वाईट वागलो का' असे विचारण्याऐवजी 'स्राव नाजूक त्वचेपर्यंत किंवा रक्तापर्यंत गेला का' असे विचारा. उत्तर 'नाही' असेल तर भीतीला आधार उरत नाही.

तरीही शंका जात नसेल, निगेटिव्ह अहवाल हातात असूनही पुन्हा पुन्हा चाचणी करावीशी वाटत असेल, झोप आणि काम बिघडले असेल, तर आता उपचार चिंतेवर हवा. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

पालकांनो, मूल अचानक गप्प झाले, जेवेनासे झाले, तर रागावण्याआधी जवळ बसा. ओरडा बसेल या भीतीने मुले डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत आणि कधी कधी ते मोलाचे ७२ तास हातचे निघून जातात.

आणि अहवाल पॉझिटिव्ह आलाच तरी आयुष्य संपत नाही. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. लग्न, मुले, नोकरी, सगळे शक्य असते.