छोट्या नौकेवरील वीज : लिथियम बॅटरीची निवड व निगा

पूर्वीच्या तांडेलाला रात्रीच्या प्रवासास निघतांना दोन गोष्टींचा हिशेब चोख ठेवावा लागे : पिण्याचें पाणी किती आहे आणि कंदिलासाठीं तेल किती आहे. दोन्ही डोळ्यांना दिसत. भांडें हालवून पाहिलें कीं अंदाज येई. आजच्या छोट्या नौकेवर कंदिलाची जागा विजेच्या दिव्यानें घेतली आहे. त्याच विजेवर ठिकाण दाखविणारें यंत्र, बिनतारी संदेशाचें यंत्र, तळाशीं सांचलेलें पाणी उपसणारा पंप आणि अन्न टिकविणारें शीतकपाट, हीं सारीं चालतात. ही वीज ज्या पेटींत सांठविलेली असते, तिच्यांत डोकावून मात्र कांहींच दिसत नाहीं. म्हणून ती पेटी कोणत्या जातीची आहे, ती कशी भरावी आणि ती केव्हां दगा देऊं शकते, हें नौका पाण्यांत लोटण्यापूर्वीच समजून घेणें अगत्याचें आहे.

पुन्हां पुन्हां भरतां येणारी शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली. तेव्हांपासून ही जात माणसाची चाकरी करीत आली आहे. ती स्वस्त आहे आणि सोशीकहि आहे. परंतु फार जड आहे. शिवाय तिच्या पोटांतील निम्मीच वीज वापरावी, असा दंडक आहे. वारंवार त्याहून अधिक उपसली, तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. भरतांनाहि शेवटचा भाग ती फार सावकाश घेते, आणि अर्धवट भरलेल्या स्थितींत पडून राहिली तर तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो.

लिथियम हा सर्वांत हलका धातु. त्यावर आधारलेली बॅटरी जपानांतील सोनी कंपनीनें १९९१ सालीं बाजारांत आणली. आणि तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि ‘लिथियम बॅटरी’ हें एका वस्तूचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे. खिशांतील टेलिफोनांत बहुधा कोबाल्ट असलेली जात असते. थोड्या वजनांत पुष्कळ वीज सांठविणें हा तिचा गुण; परंतु ती फाजील तापली तर तिच्यांतूनच प्राणवायु सुटतो आणि आगीला खतपाणी मिळतें. दुसरी जात लोह-फॉस्फेटची. टेक्सास येथें गुडइनफ आणि अक्षय पाढी आदि त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. हिच्यांतील प्राणवायु फॉस्फरसाशीं घट्ट बांधलेला असल्यामुळें ती सहजासहजीं भडकत नाहीं. मुळींच धोका नाहीं असें मात्र नव्हे. अतिशय तापल्यास तिच्यांतूनहि ज्वालाग्राही वायु निघतात. परंतु समुद्रावर आग लागली असतां पळून जाण्यास जागा नसते. म्हणून छोट्या नौकेच्या घरगुती विजेसाठीं लोह-फॉस्फेटची निवड करणें हेंच शहाणपणाचें होय.

आतां ती किती मोठी असावी? समजा, मुंबईच्या बंदरांत नांगरलेली दहा मीटर लांबीची शिडाची नौका मांडव्याच्या किंवा मुरुडच्या बाजूस फेरी मारून येते. तिच्यावरील लहान शीतकपाटाला दिवसाकाठीं ५० अँपिअर-तास, ठिकाण दाखविणाऱ्या यंत्राला ८, बिनतारी यंत्राला ६ आणि दिवे व पंप यांना ६, असे एकंदर ७० अँपिअर-तास लागतात. ऊन पडलें नाहीं तरी दोन दिवस निभाव लागावा म्हणून १४० धरावे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरींतील ८० टक्के वीज निर्धास्तपणें वापरतां येते. तेव्हां १७५, म्हणजे बाजारांतील मापाप्रमाणें २०० अँपिअर-तासांची बॅटरी पुरे होते. हेंच काम शिशाकडून करून घ्यावयाचें, तर ३०० च्या आसपास जावें लागेल. वजन पाहिलें, तर एकीकडे सुमारें २५ किलो आणि दुसरीकडे ८५ किलो. शिवाय शिशाची बॅटरी खोलवर उपसल्यास कांहीं शें वेळां भरतां येते, तर चांगली लोह-फॉस्फेटची दोन हजारांहून अधिक वेळां. प्रथम डोळ्यांत भरणारी किंमत अशा रीतीनें कांहीं वर्षांत भरून निघते.

परंतु येथेंच पुष्कळांची फसगत होते. जुनी पेटी काढली, तेवढ्याच मापाची नवी बसविली आणि तारा पूर्वीप्रमाणें जोडल्या, कीं काम झालें असा समज असतो. वस्तुतः बॅटरीची जात बदलली म्हणजे ती भरण्याची व्यवस्थाहि बदलावी लागते.

इंजिनावर फिरून वीज निर्माण करणारा आल्टरनेटर शिशाच्या स्वभावाला अनुसरून बनविलेला असतो. शिशाची बॅटरी भरत आली कीं आपोआप कमी वीज घेऊं लागते आणि आल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियमची बॅटरी मात्र जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढी वीज घेत राहते. तिची भूक भागवितां भागवितां आल्टरनेटर तापतो आणि प्रसंगीं जळतो. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. लिथियमच्या बॅटरीबरोबर एक रक्षक-यंत्रणा असते. बाजारांत तिला ‘बी. एम. एस.’ म्हणतात. आंतील एखाद्या घटाचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर ती बॅटरीला क्षणार्धांत तोडून वेगळी करते. बॅटरीच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. पण इंजिन चालू असतांना असें घडलें, तर वाहत्या पाटाच्या तोंडाशीं एकाएकी फळी घालावी तसें होतें. विजेचा दाब उसळतो, आल्टरनेटरमधील डायोड जळतात आणि त्याच तारांवरचीं नाजूक उपकरणेंहि निकामी होऊं शकतात.

यावर एक साधा उपाय आहे. इंजिन सुरूं करण्यासाठीं असलेली शिशाची बॅटरी तशीच ठेवावी व आल्टरनेटर तिलाच जोडावा. मग तिच्याकडून लिथियमकडे ‘डीसी-टू-डीसी चार्जर’च्या वाटेनें बेताचा, ठराविक प्रवाह न्यावा. ३० अँपिअरचा असा चार्जर दोन तासांत ६० अँपिअर-तास देतो; आणि लिथियमची बॅटरी मध्येंच तुटली तरी आल्टरनेटरला शिशाचा आधार राहतो.

लोह-फॉस्फेटच्या एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, असे चार घट जोडून १२.८ व्होल्टांची बॅटरी होते. भरतांना दाब सामान्यतः १४.२ ते १४.६ व्होल्टांच्या दरम्यान ठेवतात. नेमका आंकडा उत्पादकाच्या पत्रकांतील प्रमाण मानावा. शिशावरील सल्फेट काढण्यासाठीं दाब १५ व्होल्टांपलीकडे नेण्याची सोय कित्येक चार्जरांत असते. ती लिथियमला घातक असल्यामुळें बंदच ठेवावी. २०० वॅटचें सौर पॅनेल चांगल्या उन्हांत दिवसाला सुमारें ६० अँपिअर-तास देतें, म्हणजे वरील नौकेची बहुतेक गरज भागते. थंड देशांत शून्य अंशाखालीं ही बॅटरी भरणें निषिद्ध आहे, कारण मग धातुरूप लिथियमचा थर आंत जमून ती कायमची बिघडते. कोंकण किनाऱ्यावर भीति आहे ती उष्णतेची. म्हणून बॅटरी इंजिनाच्या कोठडींत ठेवूं नये.

सर्वांत मोठा फरक पुढेंच आहे. शिशाची बॅटरी थकली कीं तिचा दाब उतरतो, दिवे मंदावतात, पंप कुरकुरतो. ती आगाऊ सूचना देते. लिथियमची बॅटरी अशी सूचना देत नाहीं. ती ८० टक्के भरलेली असो वा ३० टक्के, दाब १३ व्होल्टांच्या किंचित् वरच घुटमळतो आणि दिवा तसाच लखलखतो. मग रक्षक-यंत्रणा तार तोडते आणि सर्वत्र एकदम काळोख होतो. मध्यरात्रीं मालवाहू जहाजांच्या वाटेवर असें झालें, तर त्या जहाजांना नौका दिसणार नाहीं आणि नौकेला त्यांना हांक मारतां येणार नाहीं. म्हणून केवळ व्होल्ट दाखविणाऱ्या कांट्यावर न विसंबतां, आंत गेलेल्या व बाहेर आलेल्या विजेची वजाबाकी करणारा मापक बसवावा. तो ३० टक्क्यांवर आला कीं घंटा वाजेल अशी योजना करावी. तसेंच नौकेचे दिवे, बिनतारी यंत्र व पंप हीं प्रसंगीं शिशाच्या बॅटरीवर चालवितां यावींत, म्हणून एक स्विच हाताशीं ठेवावा.

तारा एकमेकींस चिकटल्यास या बॅटरींतून हजारों अँपिअरचा लोंढा सुटतो. तेव्हां तो तोडण्यास समर्थ असा फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ हवा, आणि नौका कलली तरी पेटी हलणार नाहीं असे पट्टे हवेत. छोट्या नौकांवरील लिथियम बॅटरीसंबंधीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें २०२१ सालीं स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली आहे. जोडणी करणाऱ्या कारागिराला ती ठाऊक आहे ना, हें विचारण्यांत संकोच धरूं नये.

पावसाळ्यांत नौका किनाऱ्यावर ओढली, कीं शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी आणि लिथियमची निम्मी भरून, सर्व तारा सोडवून, थंड जागीं ठेवावी. एकीला जें पथ्य, तें दुसरीला कुपथ्य! तेल सरत आलें कीं कंदिलाची वात फडफडे आणि तांडेल जागा होई. या नव्या दिव्याची वात फडफडत नाहीं. म्हणून जागें राहण्याची जबाबदारी आतां सर्वस्वीं तांडेलाचीच आहे.