पाच मिनिटांत पोचतो

दुपारचे दीड. स्वारगेटच्या एसटी स्टँडबाहेर एका रसवंतीत मी आणि माझा भाचा उभे आहोत. चरकाला बांधलेले घुंगरू वाजतात, थांबतात, पुन्हा वाजतात. रसाचा दुसरा ग्लास संपत आलाय. एप्रिलचं ऊन डांबरावरून उलटं अंगावर येतंय. "सातारा, सातारा, विनाथांबा" असं कुणीतरी घसा ताणून ओरडतंय. भाचा दर मिनिटाला फोन बघतो. त्या फोनची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली आहे. वर सेलोटेप.

"मामा, पाच मिनिटांत पोचतो म्हणालाय."

हे तो पावणेएकला म्हणाला होता.

भाच्याकडे १४,००० रुपये आहेत. आहेत ते खात्यात, पण हात मात्र खिशावर ठेवून उभा आहे. सकाळचं कॉलेज आणि दुपारी झेरॉक्सचं दुकान असं करून साठवलेले पैसे. नवा फोन ३०,०००च्या घरात जातो, म्हणून वापरलेला बघायचा. जाहिरातीतला फोन सहा महिन्यांचा, 'एकदम कडक कंडिशन', ओरखडा नाही. किंमत नेमकी १४,०००. दुकानदाराकडे असाच वापरलेला फोन, सहा महिन्यांच्या वॉरंटीसकट, १९,०००ला आहे. मधल्या ५,००० रुपयांसाठी आम्ही उन्हात आहोत.

भेटायची जागा दोनदा बदललीय. आधी मेट्रोच्या दारात, मग जेधे चौकात पुलाखाली, आता इथे. प्रत्येक वेळी नवा मेसेज, प्रत्येक वेळी रस्ता ओलांडायचा. इथे थांबलेले आम्ही एकटे नाही. पलीकडे हेल्मेट हातात घेतलेला एक पोरगा येणाऱ्या प्रत्येक दुचाकीकडे आशेनं बघतोय. लग्नासाठी मुलगी बघायला आलेल्यांच्या चेहऱ्यावर असतो तसला तो भाव. आमचाही तसाच असणार.

गेल्या आठवड्यात भाच्यानं अशा चाळीसेक जाहिराती चाळल्यात. त्यातले तिघे म्हणे सैन्यात होते. तिघांचीही अचानक बदली झालेली, तिघांनीही गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलेलं, आणि तिघांनाही कुरियरचे पैसे आधी हवे होते. बाकीच्यांना फोन बघण्याआधी ५०० रुपये 'टोकन' हवं होतं. हा आजचा माणूस निदान समोर येतो म्हणाला. म्हणून तो भरवशाचा.

दोनला दहा कमी असताना एक दुचाकी येऊन थांबते. वर दोघं. पुढचा इंजिन बंद करत नाही. मागचा उतरतो, गॉगल काढत नाही.

"भावा, जरा लवकर. तिकडं दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

तासाहून जास्त थांबायला लावून हा माणूस आता आमच्याकडून पाच मिनिटांत निकाल मागतोय. गंमत अशी, की आम्हीच ओशाळतो. भाचा घाईघाईनं "हो हो" म्हणतो. मीही उरलेला रस तसाच टाकतो.

फोन देखणा आहे. नवं कव्हर, नवी टेम्पर्ड काच, पुसून लख्ख केलेला. पण उन्हात पडद्यावर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही. दुपारची वेळ, उघडा चौक आणि चालू इंजिन. हा योगायोग मी याआधीही दोनदा पाहिलाय. मी फोन घेऊन रसवंतीच्या छपराखाली सरकतो. नुसत्या पांढऱ्या रंगाचं एक चित्र उघडतो. उजव्या कडेला केसाएवढी हिरवी रेघ उभी आहे.

"ते प्रोटेक्टरमुळं दिसतं, काका."

"बिल?"

"बिल गावाकडं. खोकंपण तिकडंच. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो की रात्री."

"तुमचं गूगल अकाउंट आहे ना यात? ते इथेच काढून द्या."

"पासवर्ड आठवत नाही आत्ता. घरी जाऊन रिसेट मारा, होतंय."

भाचा माझा शर्ट हळूच ओढतो. फार विचारू नका, असा त्याचा अर्थ. माणूस समोर उभा आहे, गोड बोलतोय, त्याला चोर असल्यासारखं कसं वागवायचं? आमच्या घरी आजी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. पण हे घरात म्हणायला सोपं. चौकात, अनोळखी माणसासमोर, ती बहीण आपोआप शेजारी येऊन उभी राहते.

तरी भाचा आकड्यांचा फळा उघडून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबतो. पडद्यावर दोन नंबर येतात, दोन सिमचे दोन. प्रत्येकी १५ आकडे. हा फोनचा आयएमईआय. पहिल्या आठ आकड्यांवरून कंपनी आणि मॉडेल कळतं, पुढचे सहा त्या एका फोनचे, आणि शेवटचा आकडा आधीचे चौदा बरोबर आहेत का ते तपासायला. मी माझ्या फोनवर मेसेज लिहायला घेतो. इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून ते १५ आकडे, आणि पाठवायचा १४४२२ला. सरकारी सेवा आहे. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात तसं येतं. 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' आलं तरी फोन घेऊ नका, असं तीच सेवा सांगते.

"काय लिहिताय?"

पहिल्यांदाच गॉगल वर जातो.

"नंबर तपासतोय."

"घ्यायचा तर घ्या, काका. इथं कोर्ट नाय लावायचं."

भाच्याच्या हातातला फोन त्याच्या हातात कधी जातो ते कळतही नाही. दुचाकी कात्रजच्या दिशेनं निघते. नंबर टिपून झालाय, मेसेज गेलाय. उत्तर आलेलं नाही. घुंगरू वाजतायत. भाचा एवढासा झालाय.

"तेरापर्यंत आला असता तो," तो म्हणतो.

मेट्रोत थंडगार आहे. स्वारगेट ते मंडई एकच स्टेशन, तेही जमिनीखाली. घाम वाळायच्या आत उतरायची वेळ येते. वर आल्यावर माझा फोन थरथरतो. १४४२२चं उत्तर. मॉडेलच्या जागी भलत्याच कंपनीच्या भलत्याच, साध्यासुध्या फोनचं नाव आहे. म्हणजे हातात होता तो फोन एक, आणि त्याच्या पोटातला नंबर दुसऱ्याचा. मी फोन भाच्यापुढे धरतो. तो वाचतो, पुन्हा वाचतो. तेराचा विषय तिथेच संपतो.

जुन्याच फोनची काच बदलता येते का बघायला, मंडईतून गर्दीत वाट काढत आम्ही तापकीर गल्लीत शिरतो. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, पंखे, हातगाड्या, सगळं एकमेकांच्या अंगावर. एका जिन्याखाली चार फुटांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. निळ्या रबरी मॅटवर एक फोन पोट उघडून पडलाय. गरम हवेच्या गनचा आवाज, सोल्डरिंगच्या धुराचा वास. कारागीर सूक्ष्मदर्शकातून डोळा काढत नाही. बाकावर तिघं बसलेत. आम्ही उभे.

पहिला नंबर रिक्षाचालकाचा. तीन आठवड्यांपूर्वी ओळखीच्या ओळखीतून ९,०००ला घेतलेला फोन. काल रात्रीपासून पडद्यावर एकच मजकूर आहे: हप्ता थकलाय, भरा. हप्ता त्याचा नाहीच. पहिल्या मालकानं फोन कर्जावर घेतला, तीन हप्ते भरले, विकला आणि सुटला. कर्ज देणाऱ्या कंपनीनं लांबूनच फोनला टाळं लावलं.

"घेताना सेटिंगमध्ये अ‍ॅडमिनच्या अ‍ॅप्सची यादी बघायची," कारागीर मान वर न करता सांगतो. "तिथं फायनान्सवाल्याचं अ‍ॅप असतं. काढायला जा, निघत नाही. तेवढ्यावर ओळखायचं."

"आता काय करू, दादा?"

"त्याला गाठा. नायतर हप्ते भरा."

रिक्षाचालक हसतो. त्या हसण्याकडे बघवत नाही.

दुसरी एक मुलगी. तिच्या फोनला जुन्या मालकाचं अकाउंट हवंय. रिसेट मारला की फोन आधीच्या अकाउंटचा पासवर्ड मागतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५च्या सुमाराला आली, चोराला फोन निरुपयोगी व्हावा म्हणून. आयफोनमध्ये त्याच्याही दोनेक वर्षं आधी. चोराचं नंतर काय झालं माहीत नाही, बाकावर ही मुलगी बसली आहे. कारागीर तिला बिल आणायला सांगतो. बिल नाही. मग तो फोन परत तिच्या हातात देतो. गल्लीत असं टाळं तोडून देणारेही आहेत, हे त्यालाही माहीत आहे आणि मुलीलाही.

मधेच आमचं बोलणं ऐकून तो एका आयफोनच्या सिमच्या खाचेत टॉर्च मारून दाखवतो. आत टिकलीएवढा तुकडा, लालभडक. तो पांढरा असायला हवा. पाणी लागलं की रंग बदलतो. हा फोन गिऱ्हाइकानं 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतला होता. त्याआधी एकदा मागचं पॅनेल उघडून पुन्हा चिकटवलेलं, त्यामुळे कडेचा गोंद गेलेला. गल्लीत पडदा आणि टचच्या जोडीला फोल्डर म्हणतात. यात फोल्डरही डुप्लिकेट. बाहेरून फोन नवाकोरा दिसतो. बॅटरीची ताकद ७६ टक्के. पूर्वीच्या आयफोनमध्ये ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ती ८० टक्के टिकावी असा हिशेब होता, अलीकडच्यांत १,०००. "सहा महिने वापरलाय म्हणून विकला यांना," तो म्हणतो आणि टॉर्च विझवतो.

तिसऱ्या माणसाच्या हातात फोनच नाही. तो साधा बटणांचा फोन घ्यायला आलाय. त्याचा घेतलेला फोन मागच्या महिन्यात पोलिसांनी जमा करून घेतला. फोन हरवल्याची तक्रार झाली की आयएमईआय 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर बंद करता येतो. त्यानंतर त्यात कुणी सिम घातलं की माग लागतो. सिम यानं घातलं होतं, स्वतःच्या नावाचं. चौकीतून फोन आला.

"मी पैसे मोजून घेतला होता," तो सगळ्यांना उद्देशून सांगतो. चौकीतही त्यानं हेच सांगितलं असणार.

पैसे मोजले म्हणून मालकी येत नाही. ज्याची वस्तूच नाही तो ती दुसऱ्याच्या मालकीची करू शकत नाही, असं १९३०चा मालविक्रीचा कायदा सांगतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला, किंवा संशय यावा असं सगळं समोर असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अर्ध्या किमतीत, बिलाशिवाय, चौकात उभ्या उभ्या घेतलेला फोन या दुसऱ्या वर्णनाच्या फार जवळ जातो. आयएमईआय बदलणाऱ्याला २०२३च्या दूरसंचार कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. तो बदलून देणारा हात इथून किती दुकानं लांब असेल, कुणास ठाऊक. कारागीर गन पुन्हा चालू करतो.

संध्याकाळ. धनकवडीतली एक सोसायटी, दुसरा मजला. दारात रांगोळी. काकू शाळेत शिकवतात. मुलानं नवा फोन दिलाय म्हणून त्या जुना विकतायत. दोन वर्षं वापरलेला, कोपऱ्याला पोचा. "चार्जिंग संध्याकाळपर्यंतच टिकतं हं, आधीच सांगते." किंमत १५,५००. वरचे दीड हजार माझे.

पंख्याखाली बसायला मिळतं. पाणी येतं. खोकं येतं. मग प्लॅस्टिकच्या फाइलमधून बिल येतं, बँकेच्या पासबुकाच्या आणि गॅसच्या पुस्तकाच्या मधून. बिलावरचा नंबर, खोक्यावरचा नंबर, पडद्यावरचा नंबर, तिन्ही एकच. १४४२२चं उत्तर आत्ता लगेच येतं. मॉडेल तेच. भाचा स्वतःचं सिम घालतो. सिमच्या पिनेऐवजी काकूंच्या कानातल्याची दांडी. तो मला शेजारच्या खोलीतून फोन लावतो, आवाज दोन्हीकडे नीट. मग काकू अकाउंट काढायला बसतात. पासवर्ड विसरलेला. मुलाला फोन. ओटीपी चुकतो, पुन्हा मागवायचा. नातवाचे फोटो नव्या फोनवर आलेत का, ते एकेक करून बघायचे. कुणालाही घाई नाही.

पैसे पाठवताना काकू भाच्याचा पडदा बघत नाहीत. "तुझ्या फोनवर हिरवी खूण आली ते ठीक आहे रे. माझ्या बँकेचा मेसेज येऊ दे." मेसेज यायला चार मिनिटं लागतात. आम्ही सगळे गप्प बसून त्या मेसेजची वाट बघतो. विचारायचं ते विचारण्यात या बाईंना काडीचा संकोच नाही. भाचा त्यांच्याकडे बघत राहतो.

शेवटी कागद. हा फोन मी आज इतक्या रुपयांना विकला, एवढाच मजकूर. काकू चष्मा कपाळावर चढवून १५ आकडे मोठ्यानं वाचतात, भाचा लिहितो. अकराव्या आकड्याला गोंधळ होतो. पुन्हा पहिल्यापासून. सही, तारीख, आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त फोनविक्रीसाठी' असं लिहून आडवी रेघ. प्रती दोन होतात. एक भाचा खोक्यात ठेवतो. दुसरी काकूंच्या फाइलमध्ये, बिल निघालं त्या जागी जाते.

आम्ही बेल वाजवली तेव्हा सात वाजायला पाच मिनिटं होती. खाली उतरतो तेव्हा पावणेआठ झालेत.