टर्कीच्या तंगडीची कैफियत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वसंतापासून शरदापर्यंत ठिकठिकाणी अशा काही जत्रा भरतात की, तिकीट काढून आत शिरलेला गृहस्थ घटकाभर थेट आठव्या हेन्रीच्या किंवा राणी एलिझाबेथच्या अमदानीत जाऊन पोहोचतो. चिलखते चढवलेले सरदार घोड्यांवरून भाले रोखून एकमेकांवर धावून जातात, कुठे लोहाराची ऐरण वाजत असते, कुठे कुंभाराचे चाक फिरत असते. आणि या साऱ्या सरंजामातून हिंडणाऱ्या पुष्कळ प्रेक्षकांच्या हाती, भीमाने गदा धरावी तशी, धुरावून तांबूस-काळसर झालेली टर्कीची अख्खी तंगडी असते. या जत्रांची परंपरा काही फार जुनी नव्हे. फिलिस आणि रॉन पॅटर्सन या दांपत्याने १९६३ साली लॉस एंजेलिसजवळ, एका नभोवाणी केंद्रास साहाय्य व्हावे म्हणून, पहिली जत्रा भरवली. टेक्सासात टॉड मिशन येथे भरणारी प्रचंड जत्रा १९७४ पासूनची. मौज अशी की, मध्ययुगाचा म्हणून जो पदार्थ तेथे दातांनी तोडून खाल्ला जातो, तो पक्षी मध्ययुगीन युरोपाने डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा रहिवासी. कोलंबसापूर्वी कित्येक शतके मेक्सिकोतील लोकांनी त्याला माणसाळवले होते, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश दर्यावर्दींच्या जहाजांतून तो युरोपास गेला. इंग्लंडात १५४१ साली आर्चबिशप क्रॅन्मरने धर्मगुरूंच्या पंक्तींतील उधळपट्टीस आळा घालण्यासाठी जे नियम केले, त्यांत ताटात एकच असावा अशा मोठ्या पक्ष्यांमध्ये क्रौंच आणि हंस यांच्या जोडीला टर्कीही बसवलेला आहे. आणि १५५० साली यॉर्कशरच्या विल्यम स्ट्रिकलंडने आपल्या कुलचिन्हावर टर्कीचा नर मिरवण्याची सनद मिळवली. तेव्हा आठव्या हेन्रीच्या उत्तरायुष्यापुरता जत्रेवाल्यांना संशयाचा फायदा देता येईल. पण क्रुसेडवर निघालेल्या सरदाराच्या हाती ही तंगडी देणे म्हणजे शिवकालीन नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखेच होय.

आपल्याकडे या पक्ष्याची वर्दी गोव्याहून आली. १६१२ साली मुकर्रबखान नामक सरदाराने, किमतीची पर्वा न करता अपूर्व वस्तू खरेदी कराव्यात या बादशाही हुकमाबरहुकूम, गोव्याच्या बंदरातून जे नाना जिन्नस जहांगीर बादशहापुढे गुजराणले, त्यांत एक टर्कीही होता. लांडोरीहून मोठा व मोराहून लहान, मदावर आला की पिसारा फुलवून नाचणारा, आणि डोक्यामानेचे रंग सरड्याप्रमाणे क्षणोक्षणी पालटणारा, असे त्याचे वर्णन बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केले, आणि नुसत्या वर्णनाने समाधान न होऊन चित्रकारांना त्याची तसबीर काढण्याचे फर्मान सोडले. उस्ताद मन्सूरच्या हातचे मानले जाणारे ते देखणे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाचे लक्ष पिसाऱ्यावर आणि गळ्याखालच्या मांसल झालरीवर होते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या पक्ष्याचा पाय हा आहे.

हा पाय जत्रेत आला तो इतिहासाच्या मागणीने नव्हे, तर बाजाराच्या. अमेरिकन गिऱ्हाईकाची आवड छातीच्या पांढऱ्या मांसाची. आणि ती पुरवता पुरवता तेथील कुक्कुटपालकांनी ‘ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट’ नावाची जी जात वाढवली, तिच्या नराची छाती इतकी अवजड झाली की, नैसर्गिक समागमही त्याला जमेना आणि सारी पैदास कृत्रिम रेतनावर येऊन ठेपली. छाती विकली गेली की पाय उरत, आणि उरलेला माल स्वस्त असतो. या स्वस्त मालाला कोणीतरी मिठात मुरवून धुरी दिली आणि देठाला कागद गुंडाळून चालत्या माणसाच्या हाती दिला, एवढेच या वैभवाचे मूळ. डिस्नेच्या उद्यानांत १९८०च्या दशकाच्या अखेरीस या तंगड्या विक्रीस आल्या, तेव्हा प्रत्येकी सुमारे दीड पौंड वजनाचा हा पाय टर्कीचा असणेच शक्य नाही, तो एमूचा असला पाहिजे, अशी वदंता उठली, आणि ती अद्याप पुरती विझलेली नाही. आकाराचा उलगडा सोपा आहे: हे पाय माद्यांचे नसून थोराड नरांचे असतात. चवीचा उलगडा मात्र थोडा खोल आहे, कारण हे मांस खाताना टर्कीपेक्षा डुकराच्या हॅमचीच आठवण व्हावी, असे त्यात काहीतरी घडलेले असते.

घरी ही तंगडी करू पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. धूर हेच या पदार्थाचे सर्वस्व होय, अशा समजुतीने ते शेगडीवर आणि लाकडावर मुबलक पैसा खर्च करतात, आणि शेवटी हाती येते ते धुराचा वास मारणारे साधे भाजलेले मांस. माझे मत असे की, या पदार्थात धूर हा अलंकार असून मीठ हाच पाया होय. आणि त्या मिठातही एका विशिष्ट क्षाराची तजवीज केल्याखेरीज जत्रेतली चव घरी उतरणे नाही.

तो क्षार म्हणजे सोडियम नायट्राइट. अमेरिकेत तो सुटा न विकता ९३.७५ टक्के साध्या मिठात ६.२५ टक्के या प्रमाणात मिसळून विकतात, आणि स्वयंपाकघरातल्या मिठाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम गुलाबी रंग देतात. ‘प्राग पावडर नंबर १’ या नावाने तो ओळखला जातो. आपल्याकडच्या गुलाबी सैंधवाशी याचा काडीइतकाही संबंध नाही, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. कारण सैंधव चमचाभर जास्त पडले तर जेवण बिघडते, हा क्षार जास्त पडला तर जीव धोक्यात येतो. नायट्राइटापासून मांसात नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते, ते स्नायूंतील मायोग्लोबिन या रंजकद्रव्याला जाऊन चिकटते, आणि पुढे आच लागली की एरवी करडा पडणारा रंग गुलाबीच कायम राहतो. त्याबरोबर हॅमची ती ओळखीची चव येते आणि बोट्युलिझमच्या जंतूंनाही पायबंद बसतो. पायाच्या मांसात हे द्रव्य छातीपेक्षा पुष्कळ अधिक असते, कारण पाळीव टर्की उडत नाही, तो आयुष्यभर चालतो. म्हणून हा संस्कार तंगडीलाच विशेष मानवतो.

प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने घेऊ नये, तराजूने घ्यावे. समजा, चार तंगड्या मिळून दोन किलो भरल्या आणि त्या बुडतील असे दोन लिटर पाणी घेतले, तर एकूण वजन चार किलो झाले. त्याच्या पाव टक्का म्हणजे १० ग्रॅम गुलाबी क्षार, ७० ग्रॅम साधे मीठ आणि ४० ग्रॅम ब्राउन शुगर एवढे त्या पाण्यात विरघळवावे. अशा हिशेबाने नायट्राइट दर दशलक्ष भागांत १५६ भाग पडते, आणि मीठ मांसात व पाण्यात सारखे वाटले जाऊन तंगडी खारट होण्याची धास्तीही राहत नाही. तंगड्यांच्या पुडक्यावर बारीक अक्षरांत खाऱ्या द्रावणाचा उल्लेख असेल, तर तो माल कारखान्यात आधीच टोचून खारवलेला असतो, तो टाळावा. शीतकपाटात, चार अंशांहून कमी तापमानात, दोन ते तीन दिवस तंगड्या बुडवून ठेवल्या, मधूनमधून उलटवल्या, की हे काम आपसूक होते. मग त्या धुऊन, टिपून, रात्रभर जाळीवर तशाच उघड्या शीतकपाटात ठेवाव्यात. सकाळी कातडीला बोट लावले तर ते किंचित चिकटते. ही चिकट झिलई आली की धूर नीट धरतो, ओल्या कातडीवर तो नुसता काजळीसारखा बसतो.

आपल्या स्वयंपाकघरात निखाऱ्यावर तूप सोडून झाकण घालण्याचा जो धुंगार देतात, त्यात वासाचे काम क्षणार्धात उरकते. लाकडाच्या धुराचे काम संथ आहे. लाकडातील लिग्निन तापून फुटले की त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉल आदी सुगंधी द्रव्ये निघतात आणि मांसाच्या पृष्ठभागावर थराथराने बसतात. हिकरी, पिकान, सफरचंद, चेरी ही लाकडे टर्कीला चालतात; पाइनसारखे राळ असलेले लाकूड कटाक्षाने वर्ज्य. धूर विरळ व निळसर असावा. दाट पांढरा धूर निघू लागला, तर हवा कोंडली असे समजावे. त्या धुरातील कडू अंश कातडीवर उतरला की तो साखरेनेही जात नाही आणि मसाल्यानेही झाकत नाही.

शेगडीबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही, कारण त्या विषयावर अमेरिकेत कुरुक्षेत्र माजलेले असते. साधी झाकणाची गोल शेगडी पुरेशी आहे. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स या धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन याने पाण्यावर तरंगणारे बोये ज्या अर्धगोलांपासून बनत, त्यांचाच उपयोग करून ती सिद्ध केली. तीत जाळायच्या कोळशाच्या वड्यांची कथा तर आणखी गमतीची: मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाचा टाकाऊ भाग वाया जाऊ नये म्हणून हेन्री फोर्डने १९२०च्या दशकात मिशिगनमध्ये त्यांचा कारखाना काढला, आणि त्या वड्या फोर्ड गाड्यांच्या पेढ्यांवरूनच विकल्या जात. असो. निखारे शेगडीच्या एका अंगाला लोटावेत, त्यांवर लाकडाचे दोन तुकडे ठेवावेत, दुसऱ्या अंगाला खाली पाण्याचे पसरट भांडे आणि वर जाळीवर तंगड्या मांडून झाकण लावावे. वरचे झरोके उघडे ठेवून खालच्या झरोक्यांनी हवा कमी-जास्त करीत आतील उष्णता १२० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखावी. हा सारा बंदोबस्त उघड्यावरच करावा. बंद गॅरेजात निखारे ठेवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणे होय, आणि अपार्टमेंटांच्या लाकडी सज्जांत कोळशाच्या शेगडीला तेथे बहुतेक ठिकाणी मनाईच असते.

सुमारे तीन तासांनी खरी कसोटी लागते. अमेरिकन शेतकी खात्याचा दंडक असा की, कोंबडीवर्गीय मांस आतून ७४ अंशांपर्यंत तापले की ते खाण्यास निर्धोक झाले. छातीसाठी हा आकडा पुरे, पायासाठी नव्हे. टर्कीच्या पोटरीत स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या ज्या कंडरा असतात, त्या पक्षी प्रौढ होता होता खनिजे साठून अक्षरशः हाडासारख्या कडक होतात, आणि त्यांच्या भोवतीचे कोलॅजन ८० अंशांच्या पुढेच नीट विरघळून जिलेटिन बनते. ७४ अंशांवर उतरवलेली तंगडी निर्धोक असते, पण दाताला वातड लागते. तीच ८२ ते ८५ अंशांवर नेली तर मांस हाडावरून सैल होते, आणि त्या कंडरा पांढऱ्या काड्यांसारख्या एकेक करून बोटांनी ओढून काढता येतात. छाती या तापमानाला कोरडी ठक्क झाली असती. तापमापकाची सुई मात्र हाडाला न टेकवता मांसाच्या गाभ्यात खुपसावी, आणि रंगावर मुळीच विसंबू नये: क्षाराने मुरलेले मांस पूर्ण शिजले तरी गुलाबी, आणि कच्चे असले तरी गुलाबीच.

भाजण्याची पाळी येते ती अगदी शेवटी. संथ उष्णतेत कातडीखालची चरबी पुरती वितळत नाही, म्हणून ती रबरासारखी राहते. तेव्हा गाभा ८० अंशांवर पोहोचला की तंगड्या थेट निखाऱ्यांवर घ्याव्यात आणि सतत फिरवीत चार-पाच मिनिटांत खरपूस कराव्यात. येथे हात आवरणे महत्त्वाचे. नायट्राइट घातलेले मांस जळेपर्यंत भाजले तर त्यात नायट्रोसमाइने तयार होतात, आणि चरबी निखाऱ्यांवर ठिबकून उठणाऱ्या धुरातही अपायकारक द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केली, ही गोष्ट तंगडीच्या कौतुकात दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रोजच्या ताटात तिला स्थान नाही. सणावारी, चार माणसांत, एखादे वेळी खाण्याचा हा जिन्नस आहे.

अमेरिकेतील मराठी घरांतून नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने, अख्खा पक्षी भट्टीत घालून छाती वाळवण्यापेक्षा नुसत्या तंगड्यांचा हा खटाटोप करून पाहण्यासारखा आहे. उरलेल्या तंगड्या शीतकपाटात तीन-चार दिवस टिकतात. हाडे मात्र फेकू नयेत. अमेरिकेच्या दक्षिणेत डुकराच्या धुरावलेल्या घोट्यांऐवजी हीच हाडे पालेभाजीच्या आणि चवळीच्या हंडीत टाकून तासभर शिजवतात. आपल्या चवळीच्या उसळीलाही ती चालतील. फक्त हाडांत मीठ आधीच पुष्कळ मुरलेले असते, तेव्हा उसळीत मीठ घालायचे ते अगदी शेवटी, चाखून मगच घालावे.