शाळेसमोरचा कॅमेरा गल्ला भरण्यासाठी?

‘कॅमेरे लावलेत ते फक्त गल्ला भरायला!’ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचं ई-चलन मोबाइलवर आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. टोरोंटोतली मराठी मंडळीही तेच म्हणतात. तिथे तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनीच हा आरोप उचलून धरला आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून प्रांतभरातले वेग टिपणारे कॅमेरे बंद झाले. शाळांसमोरचेसुद्धा.

आता वस्तुस्थिती बघा. ओंटारिओत नव्या जागी कॅमेरा सुरू करायचा तर किमान ९० दिवस आधी तिथे ‘कॅमेरा येतोय’ अशी पाटी लावावी लागे. सुरू झाल्यावर दुसरी पाटी. लोकांना बेसावध गाठून पैसे उकळायचे असतील तर तीन महिने आधी कोण दवंडी पिटेल? आणि दंड टाळायला करायचं काय, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलायचा!

सिककिड्स हे टोरोंटोतलं बालरुग्णालय आणि टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ यांच्या संशोधकांनी शहरातल्या २५० शाळांच्या परिसरांतला वेग तपासला. कॅमेरा असताना मर्यादा ओलांडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास ‘इंज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात २०२५ मध्येच आला होता, बंदीच्या काही महिने आधी. लोक वेग कमी करतात तसा दंडही आटतो. गल्ला भरण्याचा हा कसला धंदा?

‘दहा-वीसने काय बिघडतं?’ हेही नेहमीचंच. समजा, चेंडूमागे धावत एक मूल गाडीपुढे १४ मीटरवर आलं. वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर चालकाला भान येईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे ८ मीटर जाते, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी ५ मीटर. मूल वाचतं. वेग ५० असेल तर त्या पहिल्याच सेकंदात १४ मीटर संपतात. ब्रेक लागण्याआधीच धडक बसते, तीही पूर्ण वेगात.

‘विमा महागतो’: नाही. ओंटारिओत हा दंड गाडीच्या मालकाला होई. परवान्यावर डिमेरिट पॉइंट लागत नसत, विम्याशी संबंध नसे.

‘शाळा सुटल्यावर कॅमेरा कशाला?’: मुलं संध्याकाळीही मैदानावर येतात. न्यूयॉर्कने ऑगस्ट २०२२ पासून शाळांजवळचे कॅमेरे चोवीस तास चालू ठेवलेत.

‘गतिरोधक पुरेत’: गल्लीत पुरतात. ओंटारिओ सरकारने गतिरोधक, मोठे फलक वगैरेंसाठी २१ कोटी डॉलर जाहीरही केले. पण बस, अग्निशमन दलाचे बंब आणि रुग्णवाहिका धावतात त्या चौपदरी रस्त्यावर उंच गतिरोधक कसा घालणार? शाळा अशा रस्त्यांवरही आहेत. तिथे कॅमेऱ्याच्या तोडीचं दुसरं काय लावणार, हे सरकारने शाळेगणिक सांगायला हवं.